दोन बुड्यांमधली सुट्टी

"मला समुद्राखाली जायचंय," असं आमची ही म्हणाली तेव्हा मी शर्टाची बटणं लावत होतो. एखादी बाई 'मला बाजारात जायचंय' म्हणेल त्याच सुरात ती म्हणाली, त्यामुळे मी "छत्री घेऊन जा" असं सांगून मोकळा झालो. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर पलंगावर पायांत घालायचे दोन जोड रबरी पंख पडलेले. एक जोड तिच्या मापाचा होता. दुसरा माझ्या.

ही कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर वकील बोलतात, साक्षीदार बोलतात, त्यांना गप्प करण्यासाठी न्यायाधीश बोलतात, आणि ही ते सगळं टिपून घेते. घरी आल्यावर मी बोलतो. तिच्या एका मैत्रिणीने तिला पोहण्याच्या तलावावर स्कूबा डायव्हिंगचं प्रात्यक्षिक बघायला नेलं. तिथे ही पाठीला हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून तलावाच्या तळाशी जाऊन बसली आणि वर आल्यावर म्हणाली, "खाली कोणी बोलतच नाही हो!" हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत नाही.

पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, जोडीने जायचं असतं. जोडीदार म्हणून तिने परस्पर माझं नाव दिलं होतं.

"अगं, निदान विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही बोलत बसला असता," ती म्हणाली.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे होतं, पण ते बोलून तिचं म्हणणं सिद्ध झालं असतं.

तलावातल्या शिक्षणाबद्दल मी फार सांगणार नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला घट्ट रबरी पोशाखात चढवणं हे एका माणसाचं काम नव्हे, एवढंच सांगतो. मी बुडावं म्हणून कमरेला शिशाची वजनं लावली होती आणि तरी मी तरंगत होतो. आमची कोचबाई मोजकं बोलणारी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चरबी हलकी असते." तिने आणखी दोन वजनं लावली आणि मी बुडालो. इतक्या तत्परतेने मला कुणी बुडवलं नव्हतं, आणि मी सहकारी पतपेढीचा सभासद आहे.

खरी गंमत झाली ती वर्गात. कोचबाईने फळ्यावर माणूस काढला आणि आतमध्ये ठिपके काढले.

"हे ठिपके म्हणजे नायट्रोजन," ती म्हणाली. "खाली आपण दाबाखालची हवा घेतो. त्यातला नायट्रोजन शरीरात विरघळत राहतो. जितकं खोल जाल, जितका वेळ राहाल, तितका जास्त. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो. तो जायच्या आत पुन्हा खाली गेलात, तर आधीचा शिल्लक आणि नवा, दोन्ही मिळून फार होतो. मग वर येताना त्याचे बुडबुडे होतात. सांध्यांत, रक्तात, कधीकधी मज्जारज्जूत. माणूस लुळा पडू शकतो."

मी हात वर केला. "मग यावर उपाय?"

"दोन बुड्यांच्या मध्ये बसून राहायचं."

"म्हणजे काय करत?"

"काहीच नाही. सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, श्रम करायचे नाहीत."

एखाद्या खेळात आपल्याला उपजत गती आहे, हे मला त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं.

आणि खरं सांगतो, त्या ठिपक्यांनी मला झपाटलं. मी शाळेत भूगोल शिकवतो, पण शाळेत माझा खरा मान आहे तो वेळापत्रक लावणारा म्हणून. कुणाचा तास कुणानंतर ठेवायचा, मधली सुट्टी किती द्यायची, हे माझं राज्य. गणितामागोमाग व्याकरण ठेवलं की मुलं तोंडाला फेस आणतात, हे मला अनुभवाने ठाऊक. इथे तर माणसाच्या रक्तालाच मधली सुट्टी हवी होती! मी तो नायट्रोजन असा समजून घेतला: घरी पाहुणे येतात ते भराभर येतात, पण निघताना दारात उभे राहून तासभर बोलतात. त्यांना ढकलून बाहेर काढलं तर तमाशा होतो. आणि पहिले पाहुणे जिन्यात असतानाच दुसरे बोलावले, तर घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा पहिल्यांना त्यांच्या गतीने जाऊ द्यावं, मग दुसऱ्यांसाठी दार उघडावं.

कोचबाईने एक छापील तक्ता दिला. पहिली बुडी किती खोल आणि किती वेळ, त्यावरून तुम्हाला एक अक्षर मिळतं. बाहेर बसून राहाल तसं ते अक्षर सुधारत जातं. सुधारलेल्या अक्षरावरून दुसऱ्या बुडीला किती वेळ मिळणार ते ठरतं. नुसतं बसून राहिल्याने बढती मिळते हे मी कचेऱ्यांबद्दल ऐकलं होतं. त्याचा शास्त्रीय तक्ता प्रथमच पाहत होतो. मी तो फ्रिजवर चिकटवला आणि कोचबाईला प्रश्न विचारायला लागलो. उताणं झोपलं तर गॅस लवकर जातो का? हसल्याने फरक पडतो का? जाड माणसाचं काय?

"चरबीतून तो उशिरा निघतो," कोचबाई म्हणाली.

हिने माझ्या पोटाकडे पाहिलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे मापाडी म्हणतात, तेही ओ देतात. ते जिन्यात मला अडवून म्हणाले, "मास्तर, गॅस बाहेर काढायचाय ना? मग बसून कसा निघेल? पळा! घाम आला की सगळं निघतं."

"पळायचं नसतंच. पळाल्याने उलट बुडबुडे होऊ शकतात. सोडा हलवल्यासारखं."

"मग सोडा प्या," मापाडी म्हणाले.

तळमजल्याच्या काकूंनी कानात तेल घालायचा सल्ला दिला. नायट्रोजनचा आणि कानाचा संबंध नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "संबंध नसला तरी घाला, अपाय तर नाही ना?"

मला वाटलं, आधी सराव करावा. म्हणून एका रविवारी सकाळी आंघोळ करून, म्हणजे पहिली बुडी झाली असं धरून, मी खुर्चीत मधल्या सुट्टीला बसलो. काहीही न करता बसायचं! वाटतं तितकं ते सोपं नाही. पाचच मिनिटांत बेल वाजली. शेजारच्यांना कपाट सरकवायचं होतं. मी म्हणालो, "श्रम मना आहेत." ते ओशाळून गेले. मग हिने पंखा पुसायला स्टूल धरायला बोलावलं. मी म्हणालो, "माझा नायट्रोजन जातोय." मग मापाडी आले आणि मला काहीही न करता बसलेला बघून समोर बसले, आणि तेही काही न करता माझ्याकडे बघत राहिले. एका माणसाने रिकामं बसणं वेगळं आणि त्याला कुणीतरी टक लावून बघत असताना रिकामं बसणं वेगळं. मला घाम फुटला.

दुपारपर्यंत इमारतीत निरोप फिरला की मास्तरांना नायट्रोजन झालाय. काकूंनी मऊ भात पाठवला.

यापुढे कागदपत्रांचं प्रकरण. समुद्रात उतरायला डॉक्टरांचा दाखला लागतो. आमचे डॉक्टर मला वीस वर्षं ओळखतात आणि प्रत्येक आजाराला 'वयोमानाने' म्हणतात. ते म्हणाले, "सर्दीपडशाचा दाखला मागा, लगेच देतो. तुम्ही समुद्राच्या तळाशी जायला योग्य आहात, असं मी लिहून दिलं आणि तुम्ही तिथेच राहिलात, तर?" त्यांनी मला कानाच्या डॉक्टरांकडे धाडलं, त्यांनी छातीच्या, छातीच्यांनी पुन्हा आमच्या. अखेर आमच्या डॉक्टरांनी 'सदर इसमास खाली जाण्यास हरकत दिसत नाही' असा दाखला दिला. तो वाचून हीच आधी हसली.

रजेचं त्याहून अवघड. आमचं जाणंयेणं विमानाने, आणि बुडी मारल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. वर हवेचा दाब कमी असतो आणि पाहुणे, म्हणजे नायट्रोजन, खवळतात. म्हणून परतीच्या आधी एक अख्खा दिवस कोरडा ठेवायचा होता. शाळेतल्या हेडक्लार्कने माझा अर्ज दोन बोटांत धरला.

"शेवटचा दिवस कशासाठी?"

"काही न करण्यासाठी."

"ते इथे येऊन करता येत नाही का?"

"तसं नाही. रक्तात वायू असतो."

"मग वैद्यकीय रजा घ्या."

"मी आजारी नाही हो. वायू निघून गेला नाही तर आजारी पडेन."

हेडक्लार्कने विचार केला. "म्हणजे आजारी पडू नये म्हणून रजा. तशी तरतूद नाही. आधी पडा, मग बघू."

अखेर तो दिवस बिनपगारी झाला. माझ्या आयुष्यातला तो पहिला दिवस, ज्या दिवशी काही न केल्याबद्दल मला काही मिळालं नाही.

आमच्याबरोबर हिचा धाकटा भाऊ आला. हा माझा मेहुणा म्हणजे अंगापिंडाने दणकट, मनाने निर्मळ आणि सल्ला घेण्याच्या बाबतीत ठार बहिरा. त्याने आमच्या आधी चार वर्षं डायव्हिंग केलेलं. मनगटावर परातीएवढं घड्याळ. ते पाण्याखाली आपोआप सगळा हिशेब ठेवतं. माझा तक्ता बघून तो म्हणाला, "भाऊजी, कागद कुणी वापरतं का आता? हे घड्याळ सांगतं की जा, आपण जायचं. थांब म्हणालं की थांबायचं."

"आणि घड्याळ चुकलं तर?"

"घड्याळ चुकत नाही, माणूस चुकतो," तो म्हणाला. हे वाक्य त्याने नंतर कधीही पुन्हा उच्चारलं नाही.

कोचबाईने जागा फार विचारपूर्वक निवडली होती. सकाळी आधी खोल खडकावर बुडी, मग मधली सुट्टी, मग उथळ पाण्यात दुसरी. त्या उथळ जागेत एक जुना तुटका पाइप पडला होता आणि त्यात एक ऑक्टोपस मादी अंड्यांवर बसली होती. महिनाभराहून अधिक काळ तिने काही खाल्लेलं नव्हतं. अंड्यांवर पाण्याचे झोत सोडायचे, ती स्वच्छ ठेवायची, एवढंच तिचं काम. अंडी आज-उद्यात फुटतील, असा कोचबाईचा अंदाज होता. हिने ते ऐकलं आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कशाबद्दल विचारेना. "ती काहीच खात नाही?" असं तिने बोटीवर चारदा विचारलं.

बोट निघण्याआधी कोचबाईने प्रत्येकाला विचारलं, "गेल्या चोवीस तासांत कुणी बुडी मारली आहे?"

"नाही," मी म्हणालो. "नाही," ही म्हणाली. "छे!" मेहुणा म्हणाला.

पहिल्या बुडीबद्दल काय सांगू? मी भूगोल शिकवतो. पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाण्याने व्यापला आहे, हे मी हजारदा फळ्यावर लिहिलंय, आणि त्या सत्तर टक्क्यांत मी कधी गेलोच नव्हतो. म्हणजे ज्या घराबद्दल पंचवीस वर्षं शिकवलं, ते त्याच्या फक्त ओसरीवर उभा राहून. निळ्याजांभळ्या माशांचा एक थवा माझ्या चष्म्यासमोर थांबला, सगळ्यांनी मला एकदम पाहिलं आणि एकदम निघून गेले. शाळेत नवीन निरीक्षक आल्यावर मास्तर पांगतात तसे. हिच्याकडे पाहिलं, तर ती हात छातीशी धरून नुसती तरंगत होती. दुरून मेहुणा आणखी खाली, एका मोठ्या माशाच्या मागे गेलेला दिसला. कोचबाईने टाकीवर टकटक करून त्याला वर बोलावलं. तो जरा घाईनेच आला.

बोटीवर आलो. कोचबाईने वेळ पाहिली. मधली सुट्टी सुरू झाली.

मी सावलीत बैठक मारली. पाण्याची बाटली, पंचा, मांडीवर तक्ता. या घटकेची मी महिनाभर वाट पाहिली होती. इतक्यात बोट चालवणारा तांडेल म्हणाला, "दुपारनं वारा फिरणार. लवकर उरकलं तर बरं."

"तेच तर," मेहुणा म्हणाला. "घड्याळ म्हणतंय अर्ध्या तासात गेलं तरी चालेल. दुसरी तर उथळच आहे."

"तासाहून जास्त थांबायचं ठरलंय," मी तक्ता उंच धरला.

"भाऊजी, तुम्ही बसा ना तासभर. आम्ही जाऊन येतो."

"कुणी जाणार नाही," कोचबाई म्हणाली आणि टाक्या बदलायला लागली. विषय संपला, पण माझ्यामुळे उशीर होतोय असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उमटलं. खरा उशीर शास्त्रामुळे होत होता, पण शास्त्र बोटीवर नव्हतं, मी होतो.

वारा लागू नये म्हणून तांडेलाने बोट जवळच्या एका बेटाच्या आडोशाला नेली. तिथे नांगर खडकात अडकला. तांडेल म्हणाला, "साहेब, जरा दोर ओढायला हात लावा."

"मला श्रम चालत नाहीत. माझी सुट्टी चालू आहे."

तांडेलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी आजवर फक्त जावयांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे. मेहुणा उठला, दंड फुगवून दोर ओढला, नांगर सुटला आणि तो माझ्याकडे बघून हसला. मग बेटावर दीपस्तंभ आहे, वरून काय देखावा दिसतो बघू, म्हणून उतरून गेला. "टेकडी चढू नकोस," मी ओरडलो, "उंचीवर दाब कमी होतो!"

"एवढ्याशा टेकडीने दाबाला काही होत नाही," कोचबाई मला म्हणाली, "पण दमणं चांगलं नाही." आणि तिने त्याला परत बोलावलं. तोवर तो अर्ध्या वाटेवर होता आणि ऐकू न आल्याचा हात हलवत होता.

बोट शांत झाली. लाटा, सावली, सोबत ही. माझा डोळा लागला. जाग आली ती उजव्या हाताला मुंग्या येऊन. बोटं बधिर! मी ताडकन उठून बसलो. तक्त्याच्या मागे लक्षणं छापली होती: मुंग्या, बधिरपणा, सांधेदुखी. क्षणभर मनात आलं की सांगू नये. सांगितलं तर बुडी रद्द, हिची ऑक्टोपस जाणार. न सांगितलं तर... मी लुळा होऊन खुर्चीत बसलेला दिसलो आणि समोर मापाडी टक लावून बसलेले दिसले.

"मला बुडबुडे झालेत!" मी ओरडलो.

एकच धावपळ. कोचबाईने प्राणवायूची पेटी काढली, तांडेलाने इंजिन सुरू केलं, हिचा चेहरा पांढराफटक पडला. कोचबाईने माझा हात हातात घेऊन बोटं दाबली, डोळ्यांत पाहिलं, मग शांतपणे विचारलं, "झोपला होतात?"

"थोडा."

"याच हातावर?"

मी बोटं हलवून पाहिली. मुंग्या ओसरत होत्या. हात नुसता दबला होता. तांडेलाने इंजिन बंद केलं. ते बंद करण्याचा आवाजही मला अपमानास्पद वाटला. त्यानंतर हिने माझ्या खांद्यावर जो हात ठेवला, तो धीराचा होता की थोपटून गप्प करण्याचा, हे मी अजून ठरवू शकलो नाही.

या सगळ्यावर मेहुणा टेकडीवरून उतरला. त्याला हकीकत कळली आणि तो हसत सुटला. "भाऊजी, मुंग्या आल्या म्हणून प्राणवायू? मग जांभई आली तर काय, अतिदक्षता विभाग?" तांडेलही हसला. हसता हसता मेहुण्याने डावा खांदा चोळला.

मी पाहिलं. तक्ता पाठ असल्याचा एवढा एक परिणाम होतो. माणूस बघायला लागतो. थोड्या वेळाने त्याने पुन्हा चोळला. दंडावर लालसर चट्टे दिसत होते, त्यांना तो खाजवत होता.

"खांद्याला काय झालं?" मी विचारलं.

"दोर ओढला ना! झालं का सुरू तुमचं?"

नुकताच मुंग्यांवरून इंजिन सुरू करायला लावलेला माणूस मी, माझं कोण ऐकणार? पण राहवेना. मी हिच्याजवळ सरकून हळूच म्हणालो, "अगं, त्याचा खांदा बघ. मला काही बरं दिसत नाही." वाटलं, ही म्हणेल, आता पुरे. तिने तसं म्हटलं नाही. ती उठून भावासमोर जाऊन बसली.

गेली वीस वर्षं ही रोज साक्षीदारांसमोर बसते. एक शब्द बोलत नाही, पण कोण कुठे अडखळतो, कोण उत्तराआधी पाणी पितो, हे तिच्या बोटांना कळतं.

"खांदा कधीपासून दुखतोय?" तिने विचारलं.

"ताई, आत्ता दोर ओढल्यापासून."

"दोर तू उजव्या हाताने ओढलास. मी बघत होते. दुखतोय डावा."

तो पाणी प्यायला.

"सकाळी नाश्त्याला आलास तेव्हा तुझे केस ओले होते."

"आंघोळ केली होती."

"मग मानेवर रबराचा वळ कसा होता?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं, कोचबाईकडे पाहिलं आणि पंचविशीतला तो पहिलवान आठवीतल्या पोरासारखा खाली बघत म्हणाला, "पहाटे दुसऱ्या एका बोटीबरोबर जाऊन आलो. थोडं खोल. ते लगेच निघणार होते, म्हणून."

"आणि घड्याळ?" मी विचारलं.

"खोलीत चार्जिंगला होतं."

म्हणजे घड्याळ बिचारं त्याला पहिल्या बुडीचा समजत होतं आणि तो होता दुसरीचा. मधली सुट्टी नावापुरती, वर घाईने येणं, दोर, टेकडी. पाहुणे जिन्यात दाटले होते आणि हा नवी आमंत्रणं वाटत होता.

कोचबाई ओरडली नाही. तिने प्राणवायूचा मुखवटा त्याच्या तोंडावर बसवला, त्याला आडवा केला आणि तांडेलाला म्हणाली, "किनाऱ्याला." मग फोन लावून इस्पितळाला कळवलं. ऑक्टोपसची जागा उजवीकडे राहिली. हिने एकदाही तिकडे मान वळवली नाही. भावाचा हात धरून ती बसली होती, आणि तो मुखवट्यातून काही बोलायला लागला की म्हणत होती, "बोलू नकोस. श्वास घे."

इस्पितळात एक मोठं पोलादी पिंप असतं. त्यात माणसाला ठेवून हवेचा दाब पुन्हा वाढवतात, म्हणजे बुडबुडे विरघळतात, आणि मग अगदी हळूहळू दाब उतरवतात. मेहुणा संध्याकाळपर्यंत त्यात पडून होता. गोल काचेतून मी त्याला पाहिलं. त्याला आत काहीही करायला परवानगी नव्हती. माझा तक्ता मी खिशातून काढला नाही, एवढं माझ्याबद्दल नमूद करून ठेवतो.

बाहेर आला तेव्हा खांदा दुखायचा थांबला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. आणखी एक बुडी मारली असती तर पायांवर आलं असतं." मग त्यांनी त्याला काही दिवस विमान बंद केलं, म्हणजे आम्हालाही थांबणं आलं. मी शाळेत फोन केला. हेडक्लार्कला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे अखेर आजारी पडला का?" मी म्हणालो, "मी नाही, मेहुणा." तो म्हणाला, "मेहुण्याची तरतूद नाही."

एक दिवस वारा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, पण समुद्र गुळगुळीत. मेहुणा इस्पितळातल्या पलंगावरून म्हणाला, "ताई, जा. मी इथेच आहे, कुठे जाणार? आणि भाऊजी, नीट बसा हं मधल्या सुट्टीत." त्याने हे थट्टेत म्हटलं नव्हतं. मी त्याच्या उशाचा पाण्याचा तांब्या उगाच सरळ केला.

आम्ही पहिली बुडी मारून आलो आणि मी अंगावरचा पट्टा सोडायला वाकलो, तर तांडेल धावत आला. "साहेब, बसा! श्रम नकोत!" त्याने माझा पट्टा सोडला, पाणी दिलं, बाटलीचं झाकणसुद्धा उघडू दिलं नाही. मी पाय मोकळे करायला उभा राहिलो, तर म्हणाला, "सुट्टी संपलेली नाही." असा जाच मी कुठल्याही मुख्याध्यापकाकडून सोसलेला नाही. पण आम्ही बसलो. मी घड्याळाकडे बघत होतो, ही पाण्याकडे.

वेळ झाली, आणि कोचबाई आम्हाला त्या पाइपापाशी घेऊन गेली.

ती होती. राखाडी, आक्रसलेली, कातडी सुरकुतलेली. तिच्या मागे अंड्यांच्या माळा पाइपाच्या छताला लोंबत होत्या. प्रत्येक अंडं तांदळाच्या दाण्याएवढं, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे. तिने आमच्याकडे पाहिलं. मग आम्हाला बाजूला सारल्यासारखं करून अंड्यांवर पाण्याचा जोरकस झोत सोडला, आणि एक माळ थरथरली. एक दाणा सुटला. मग दहा, मग मोजता येईनात. अंड्यातून निघालेली ती नखाएवढीही नसलेली पोरं, प्रत्येकाला आठ पाय, झटके देत देत पाइपातून बाहेर पडायला लागली. ही गुडघ्यांवर असल्यासारखी वाळूच्या वर स्थिर झाली होती. तिच्या तोंडातल्या नळीतून बुडबुडे येत होते, ते नेहमीपेक्षा भराभर येत होते.

मी वेळेकडे पाहिलं. तक्त्याने दिलेला वेळ संपत आला होता. आणि काय सांगू, त्या क्षणी मला तो तक्ता फाडून टाकावासा वाटला. मी हिला खूण केली: आणखी थोडं थांबू. विनवणीची खूण पाण्याखाली नसते, म्हणून मी हात जोडले.

हिने मान हलवली आणि अंगठा वर केला. पाण्याखाली याचा अर्थ 'छान' नसतो. याचा अर्थ 'वर चला'.

आम्ही वर निघालो. पाहुण्यांना निघायला वेळ मिळावा म्हणून पृष्ठभागाच्या जरा खाली थांबायचं असतं, तसं नांगराचा दोर धरून थांबलो. तिचा हात खाली, माझा वर. खालून ती पोरं येत होती. आमच्या पायांजवळून, कोपरांमधून, हिच्या चष्म्यासमोरून, उजेडाकडे सरळ वर जात होती. कुणी थांबत नव्हतं. एक पोर माझ्या बोटावर क्षणभर टेकलं, रंग बदलून माझ्या बोटासारखं झालं आणि सुटून वर गेलं.

आम्ही दोघं दोर धरून जागच्या जागी थांबलो होतो, आणि ती सगळी आम्हाला ओलांडून पुढे चालली होती.